सातबारा नसलेल्यांचे गाव

१

मराठी समीक्षेत 'ग्रामजीवनातील बदल' हा विषय इतका रुळला आहे की त्याची उत्तरेही आता ठरून गेली आहेत. गावात रस्ता आला, एस.टी. आली, वीज आली, सोसायटी आली. मग निवडणुका आल्या, पैसा आला आणि गाव मोडले. विद्यार्थी परीक्षेत हेच लिहितात आणि आम्ही प्राध्यापक वर्गात हेच सांगतो. या मांडणीत एक साधा प्रश्न मात्र विचारला जात नाही. 'गाव मोडले' असे जो सांगतो आहे, तो त्या गावात कोठे राहत होता? त्याच्या नावावर काय होते?

माझे म्हणणे असे आहे की ग्रामजीवनावरील कोणतीही साहित्यकृती वाचताना सातबाऱ्याचा उतारा शेजारी ठेवला पाहिजे. गावात आलेला पैसा पावसासारखा सर्वांच्या अंगणात सारखा पडत नाही. तो कागदावर ज्याचे नाव आहे त्याच्याकडे जातो, आणि ते नाव कागदावर कोणाचे लागले हे जातिव्यवस्थेने पूर्वीच ठरवलेले असते. म्हणून गावाचे अर्थकारण बदलले तरी उतरंड मोडेलच असे नाही. ती रोकड होऊन नव्या ठिकाणी गुंतवली जाते. जो लेखक हे पाहत नाही, त्याला बदल म्हणजे केवळ ऱ्हास वाटतो. आणि ज्याच्याजवळ ऱ्हास पावण्यासारखे काही नव्हतेच, त्याचा अनुभव अशा लेखनात येत नाही.

'साहित्याची किंमत आता तलाठ्याकडून करून घ्यायची काय?' असा प्रश्न कोणी विचारील. तसे मला म्हणायचे नाही. जमीनदाराच्या घरात जन्मलेला लेखक श्रेष्ठ लिहू शकतो, आणि भूमिहीनाच्या घरातला सुमार लिहू शकतो. पण दृष्टी कोठे उभी आहे हे कळल्याशिवाय तिला काय दिसले आणि काय दिसू शकले नाही, हे सांगता येत नाही. समीक्षेचे पहिले काम तेच आहे.

२

मी वसईत राहतो आणि येथेच महाविद्यालयात मराठी शिकवतो. म्हणून वसईचे उदाहरण घेतो. वसई म्हटली की सामान्य वाचकाला चिमाजी अप्पा आणि १७३९ ची किल्ल्याची लढाई आठवते. या नियतकालिकाच्या वाचकांना शेजारचे सोपारे आठवेल. तेथील स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले आणि अशोकाच्या शिलालेखांचे अवशेषही तेथे सापडले. सोपारे हे समुद्रव्यापाराचे बंदर होते. म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतून भेटणारे, स्वतःपुरते पिकवणारे आणि जगाकडे पाठ फिरवून बसलेले गाव या किनाऱ्यावर कधी नव्हतेच. १८६७ साली विरारहून मुंबईकडे आगगाडी सुरू झाली. तेव्हापासून येथील बागायतीचे पोट मुंबईच्या बाजारावर भरत आले. केळी, सुकेळी, खायची पाने, फुले आणि भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईला जात असे.

रेल्वेच्या पश्चिमेला वाड्या आणि पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या बाजूला, वारली, कातकरी आणि मल्हार कोळी यांचे पाडे, असा या मुलखाचा ढोबळ नकाशा आहे. वाडीवाल्यांत हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत. त्यांतील बहुतेक स्वतः मातीत राबणारे, लहान जमिनीचे धनी. त्यांच्या कष्टाबद्दल मला शंका नाही. पण वाडीतल्या रहाटापासून मिठागरातल्या पाटीपर्यंत ज्यांचे हात लागले, त्यांची नावे कोणत्याही उताऱ्यावर आली नाहीत. माझ्या आज्याचे नाव तसेच आले नाही. तो मिठागरात पाटी वाहत होता. घरातला पहिला पदवीधर मी.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपल्या पिढीला शाळेतच पाठ झाली. मुंबईचा कूळ कायदा १९४८ चा. पुढील दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. ही मोठी घटना होती, तिचे मोल कमी करू नये. परंतु कायद्यातला 'कसणारा' कोण, हे पाहिले पाहिजे. कसणारा म्हणजे ज्याची कूळ म्हणून नोंद होती तो. नांगर धरणारा गडी नव्हे, लावणी करणारी बाई नव्हे. शिवाय नोंद असलेल्या कित्येक कुळांकडूनही 'राजीखुशीचे' राजीनामे लिहून घेतले गेले. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेल्या पाहणीत हे १९५७ सालीच दाखवून दिले होते. कायद्याने जमिनीचा मालक बदलला. पण गावातल्या सर्वांत खालच्या माणसाशी त्याने व्यवहारच केला नाही.

पुढचा बदल याहून मोठा होता. १९८० च्या दशकापासून वसई-विरारमध्ये भातखाचरांचा हिशेब गुंठ्यांवरून चौरस फुटांवर आला. १९९० साली सिडको येथील नियोजन प्राधिकरण झाले. २००९ साली चार नगरपालिका आणि आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. २०१४ साली पालघर जिल्हा झाला. एवढ्या उलथापालथीत काय घडले? ज्याचे उताऱ्यावर नाव होते, त्याला निदान विकण्यासाठी काहीतरी होते. त्या पैशातून कोणी टँकर घेतला, कोणी रेतीचा धंदा केला, कोणी ठेकेदार झाला, कोणी निवडणूक लढवला. अनेक लहान मालक फसवलेही गेले. पण फसवले जाण्यासाठीसुद्धा हाती काही असावे लागते. पाड्यावरचा माणूस वाडीतून सुटला आणि सकाळी नाक्यावर जाऊन उभा राहिला. मालक गेला, मुकादम आला. मजुरी धान्याऐवजी नोटांत मिळू लागली. नोटांचा हा बदल लहान नाही, त्याकडे मी पुढे येतो. पण उतरंडीतली पायरी त्याने बदलली नाही.

३

या दृष्टीने आपल्या परिचयाची काही पुस्तके पुन्हा उघडावीत. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गाव-गाडा' १९१५ चे. महसूल खात्यात काम केलेल्या माणसाची सूक्ष्म नजर त्यात आहे. गावाचा प्रत्येक घटक, प्रत्येक देणे-घेणे त्यांनी नोंदवले. मराठीत गावाचे इतके तपशीलवार अर्थशास्त्र त्यापूर्वी कोणी लिहिले नव्हते. परंतु हा गाडा ते कुणब्याच्या अंगाने पाहतात. बलुतेदार आणि फिरस्ते हे त्याच्यावरचे ओझे ठरतात. ज्याला ओझे म्हटले, त्याच्या डोक्यावर काय ओझे होते, हे कळण्यासाठी मराठी साहित्याला १९७८ पर्यंत थांबावे लागले. दया पवारांच्या 'बलुतं'ने तोच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला. देणारा ज्याला दान समजत होता, ते घेणाऱ्याच्या दृष्टीने बुडालेल्या मजुरीचे उष्टे होते. एकच धान्य, एकच खळे. परंतु खळ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे यावर त्या धान्याचे नाव बदलते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनासंबंधी विधेयक आणले, त्यामागेही हाच विचार होता. गावच्या चाकरीच्या बदल्यात तुकडाभर जमीन आणि भाकरी, या बंधनापेक्षा मोकळी मजुरी बरी. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. म्हणून नोटांत मिळणारी मजुरी हा लहान बदल नाही असे मी वर म्हटले. नोटेवर जात लिहिलेली नसते. दुकानदार ती घेतो. ती घेऊन माणूस गाव सोडू शकतो. 'बलुतं'मधला नायक धामणगाव सोडून मुंबईच्या कावाखान्यात येतो तो या वाटेनेच. पण दया पवारांचे मोठेपण असे की ही वाट मुक्तीला पोहोचली असे ते खोटे सांगत नाहीत. शहरातही जात त्याच्या आधी येऊन बसलेली असते. पैशाने बंधन सैल होते. तुटण्यासाठी आणखी काही लागते. हे ज्ञान त्या आत्मकथनाने दिले, आणि ते कोणत्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथाइतके मोलाचे आहे.

याउलट श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) पाहा. कादंबरीकार म्हणून पेंडशांचे सामर्थ्य वादातीत आहे. एका खोत घराण्याच्या पिढ्यांचे चढउतार ते समर्थपणे उभे करतात. परंतु वाडा पडतो तेव्हा वाचकाचे मन वाड्याबरोबर हलते. ज्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली विधेयक मांडले, जिच्यासाठी कोकणचे शेतकरी जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत विधिमंडळावर चालून गेले, त्या खोतीचे मरण ही कोणासाठी तरी सुटका होती. ती सुटका भोगणाऱ्यांची बृहद् कादंबरी कोठे आहे? हा दोष पेंडशांच्या एकट्याचा नाही. साहित्यात गावाचे वैभव एका घराने भोगायचे, त्याचे दुःखही त्याच घराने करायचे, ही आपली परंपरा आहे.

४

आमच्या जिल्ह्याविषयीचे सर्वांत महत्त्वाचे मराठी पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९४५ साली डहाणू, उंबरगाव, तलासरी या भागांतील वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन प्रथांविरुद्ध केलेल्या उठावाची ही हकीकत आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर सावकाराकडे राबायचे, ही ती दुसरी प्रथा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच आदिवासी मारले गेले.

हे पुस्तक मी अनेकदा शिकवले आहे, आणि प्रत्येक वेळी एका आकड्यापाशी थांबलो आहे. लढ्यातली एक मागणी होती: पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये. हे गवत कोठे जात होते? ते मुंबईच्या तबेल्यांकडे जात होते. म्हणजे 'मागासलेला', 'जगापासून तुटलेला' म्हणून ज्याचे वर्णन होत आले, तो वारली मुंबईच्या दुधाच्या व्यापारातला सर्वांत खालचा कामगार होता. बाजार त्याच्यापर्यंत पोचला नव्हता असे नाही. बाजार पोचला होता. पण वेठीच्या खांद्यावर बसून पोचला होता. नवे भांडवल जुन्या गुलामीशी भांडत नाही, सोयीची असेपर्यंत ती वापरते. एका मागणीच्या आकड्यातून एवढे कळते, म्हणून हे पुस्तक मोठे आहे.

तरीही या पुस्तकाशी आपला वाद असला पाहिजे, आणि तो शीर्षकापासून सुरू होतो. माणूस जागा होतो, म्हणजे त्यापूर्वी तो झोपलेला होता काय? वेठीला जाताना जो मनात शिव्या देत होता, रात्री पाडा सोडून पळत होता, सावकाराला चुकवण्याच्या युक्त्या करीत होता, तो जागाच होता. त्याच्याजवळ संघटना नव्हती. पुण्याच्या सुशिक्षित घरातून आलेल्या, कायदा शिकलेल्या कार्यकर्तीने पाड्यांवर राहून जे सोसले त्याला नमस्कारच केला पाहिजे. परंतु निवेदन तिचे आहे; वारली तिच्या निवेदनात बोलतो. बलुतेदाराचे दुःख 'बलुतं'ने स्वतःच्या तोंडाने सांगितले. वारल्याचा 'मी' या पुस्तकात येत नाही, येऊ शकत नव्हता. ही लेखिकेवरची टीका समजू नये, हे राहिलेले काम आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या चळवळीने ध्यानात घ्यावी. या लढ्याचे दुसरे नेते शामराव परुळेकर १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आले होते. खोतीविरोधी लढ्यात ते बाबासाहेबांबरोबर होते. दलितांचा आणि भूमिहीन शेतकऱ्यांचा लढा काही काळ एकाच वाटेने चालला होता. पुढे वाटा फुटल्या. एकीकडे वर्ग राहिला आणि जात दिसेनाशी झाली. दुसरीकडे जात राहिली आणि भूमीचा प्रश्न दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या सत्याग्रहांनंतर मागे पडत गेला. साहित्यातही तेच झाले. दलित आत्मकथने एका कपाटात, आदिवासी लढ्यांची पुस्तके दुसऱ्या कपाटात.

५

वेठ १९४५ नंतर संपली असे समजणाऱ्यांना वसई तालुक्याने १९८० च्या दशकात उत्तर दिले. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा १९७६ साली होऊनही, मुंबईपासून लोकलने दोन तासांच्या आतील या तालुक्यात वेठबिगार निघाले. विवेक पंडित यांच्या पुढाकाराने १९८२ साली उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेने त्यांच्या मुक्तीचे काम केले. त्याच दशकाच्या अखेरीस पश्चिमेच्या पट्ट्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई'चे आंदोलन उभे राहिले. पाणी, शेती, हिरवाई वाचवण्यासाठी, बिल्डर आणि गुंडगिरी यांच्याविरुद्ध. २०२४ साली फादर गेले. त्यांनी दाखवलेले धैर्य वसई विसरणार नाही.

पण या आंदोलनाभोवती जे लेखन, कविता, व्याख्याने आली, त्यांतला एक शब्द मी समीक्षक म्हणून तपासू इच्छितो: 'आपले गाव'. या लेखनात वाडी असते, विहीर असते, मोगऱ्याचा वास असतो. वाडीत कामाला येणारी पाड्यावरची बाई क्वचित असते, आणि असली तर हसतमुख असते. हिरवाई निसर्गाने दिली तशी मजुराच्या हातांनीही दिली, हे सांगितल्याने हिरवाईची बाजू कमजोर होत नाही, उलट तिला नवे सोबती मिळतात.

महानगरपालिकेत गावे घालण्याला २००९ पासून विरोध झाला. गावे वगळण्याचा वाद न्यायालयात कित्येक वर्षे चालला. तेव्हा 'गाव वाचवा' ही घोषणा सर्वांच्या तोंडी होती. आपण त्या वेळी काय म्हणायला हवे होते? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाचा गौरव नाकारला आणि व्यक्ती हा राज्यघटनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्या भूमिकेवर आपण उभे आहोत. परंतु याच मुलखात दुसरे वास्तव आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला जमीन आणि गौण वनोपज यांबाबत अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्यातही दाव्यांची सुरुवात ग्रामसभेतून होते. वसई तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. पाड्याला 'गाव' हे हत्यार मिळाले आहे, आणि ते हत्यार नगररचनेच्या एका अधिसूचनेने बोथट होऊ शकते. गावकुसाबाहेर ठेवलेल्याने गाव नाकारणे आणि डोंगरातल्या पाड्याने ग्रामसभा मागणे, या दोन गोष्टी विरोधी नाहीत. दोघेही एकच प्रश्न विचारतात: निर्णय कोण घेणार? हा विचार आपल्या लेखनात यायला हवा. तो अजून आलेला नाही.

६

शेवटी वर्गातले सांगतो, कारण समीक्षेचा कस तेथे लागतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी 'आमच्या गावात पैसा कसा आला' या विषयावर दोन पाने लिहायला सांगतो. वाडीवाल्या घरांतली मुले सुंदर लिहितात. विहीर बुजली, आंब्याचे झाड गेले, आजी बाल्कनीत बसून रस्ता पाहते. यात खोटे काही नसते. पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने मात्र फक्त आकडे लिहिले. दिवाळीनंतर भट्टीवर जाताना घेतलेली उचल किती. हजार विटांमागे दर किती. आई, बाप, भाऊ मिळून आठवड्याला विटा किती. खर्चीसाठी दर आठवड्याला मिळाले किती. पावसाआधी हिशेब झाला तेव्हा अंगावर बाकी किती, आणि ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत कशी मिळाली. तिच्या दोन पानांत एकही विशेषण नव्हते. वर्गातली मुले म्हणाली, 'सर, हा तर हिशेब झाला. हे साहित्य नाही.'

आपल्या सगळ्या लेखनापुढचा प्रश्न त्या मुलांनी एका वाक्यात मांडला. ज्याच्याजवळ जमीन आहे त्याच्याजवळ आठवणी असतात, कारण आठवणी ठेवायला एक जागा असते. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याच्याजवळ हिशेब असतो, आणि बहुधा तो दुसऱ्याच्या वहीत असतो. तो दुसऱ्याच्या वहीतून काढून स्वतःच्या अक्षरात लिहिणे ही साहित्यातली क्रांतिकारक घटना आहे. 'बलुतं'ने तेच केले. गवताच्या पाचशे पौंडांमागे अडीच रुपये मागणाऱ्या वारल्याने तोंडी तेच केले होते. त्या मुलीच्या पानांवर १९४५ ची उचल आणि आजची उचल शेजारी शेजारी ठेवून आम्ही वर्गात दोन तास बोललो. लग्नगडीचे नाव गेले. कर्ज देऊन माणूस बांधण्याची रीत भट्टीवर पोचली. ज्या विटांनी वसई-विरारच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या विटांत ही बाकी आहे.

मी भाड्याच्या ज्या सदनिकेत राहतो ती एका भातखाचरावर उभी आहे. समीक्षकाची जागाही वाचकाला कळावी म्हणून हे नोंदवतो. शिकून नोकरीला लागलेली आमची पिढी याच इमारतींत राहायला आली. घर भाड्याने घेताना आडनाव विचारले गेले, की आम्हाला जात आठवते, आणि ते रास्तच आहे. पण त्याच इमारतीचा जिना झाडणाऱ्या बाईचा पाडा कोणता, हेही आम्ही विचारले पाहिजे. आंबेडकरी लेखकाने फक्त वरची पायरी पाहिली, तर उतरंडीचे अर्धेच चित्र निघेल.

आपल्या नियतकालिकांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या अंकांत भट्टीवरच्या, नाक्यावरच्या, मिठागरातल्या मुलामुलींनी लिहिलेले हिशेब छापा. त्यांची भाषा सुधारू नका. वारली बोलीतला शब्द असेल तर तसाच राहू द्या. त्यांच्याशेजारी जमीन विकलेल्या घरांतल्या मुलांचे लेखही छापा. दोन्ही एकत्र वाचले, तरच वसईत काय घडले ते कळेल. त्या मुलीला मी म्हटले आहे की दोन पानांची वीस कर, दर वर्षीचा हिशेब घाल, आजीपासून सुरुवात कर. आजीला आकडे पाठ आहेत, असे ती म्हणाली.